पोके : कच्च्या माशाचा पदार्थ आणि त्यामागची शिस्त

आजच्या भागात आपण एका दूरच्या पदार्थाची माहिती घेणार आहोत. त्याचं नाव पोके. म्हणताना ‘पो’ आणि ‘के’ ही दोन्ही अक्षरं स्पष्ट म्हणायची. हा पदार्थ हवाई बेटांवरचा. माशाचे लहान तुकडे करायचे, त्यांना मीठ, समुद्री शेवाळ, सोया सॉस, तिळाचं तेल लावायचं आणि न शिजवता खायचे, असा हा प्रकार आहे.

हल्ली मोबाईलवर याचे व्हिडिओ दिसतात. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत भातावर वाढलेला ‘पोके बाऊल’ मिळतो. पंधरा मिनिटांत होतो, गॅस लागत नाही, दिसायलाही छान. त्यामुळे खानावळ किंवा घरगुती निवास चालवणाऱ्या गटांना हा पदार्थ आपणही करावा असं वाटणं साहजिक आहे. म्हणून कृती तर सांगूच. पण त्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो. पोकेची कृती सोपी आहे, मासा मिळवणं अवघड आहे. पाण्यातून निघाल्यापासून ताटात येईपर्यंत मासा कुठे होता आणि किती गार होता, हे ज्या घरात ठाऊक आहे, त्याच घरात तो कच्चा खावा. हवाईच्या लोकांनी ही शिस्त कशी सांभाळली ते ऐकलं की पुढचं आपोआप कळेल.

नाव आणि मूळ

हवाई हा प्रशांत महासागरातल्या बेटांचा समूह. अमेरिकेच्या मुख्य भूमीपासून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर. १९५९ पासून ते अमेरिकेचं राज्य आहे, पण तिथल्या मूळ लोकांची भाषा आणि खाणंपिणं त्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. त्यांच्या भाषेत ‘पोके’ म्हणजे आडवे काप करणं, तुकडे करणं. म्हणजे पदार्थाचं नाव त्याच्या चिरण्यावरून पडलेलं आहे.

जुन्या पोकेत तीनच गोष्टी असत. एक, समुद्राचं जाडं मीठ. दुसरी, समुद्री शेवाळ. त्याला तिथे ‘लिमू’ म्हणतात. तिसरी, कुकुई नावाच्या झाडाच्या बिया भाजून, कुटून, मीठ घालून केलेली भरड. तिला ‘इनामोना’ म्हणतात. आपण भाजीवर शेंगदाण्याचा कूट घालतो ना, तसंच तिचं काम. कुकुईला आपल्याकडे जंगली अक्रोड म्हणतात. त्याच्या बियांमध्ये इतकं तेल असतं की पूर्वी हवाईत त्या काडीला ओवून दिव्यासारख्या जाळत. मात्र ही बी कच्ची खाल्ली तर जोराचे जुलाब होतात. म्हणून ती नेहमी भाजूनच आणि थोडीच वापरतात.

शेवाळ वेचणाऱ्या बायका

समुद्रावर मासे धरायला पुरुष जात, आणि ओहोटीला खडकांवरून लिमू वेचून आणण्याचं काम मुख्यतः बायकांचं असे. कुठलं लिमू कोणत्या खडकावर येतं, कुठलं कोणत्या माशाबरोबर चांगलं लागतं, मुळासकट न उपटता वरवर कसं तोडायचं, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा मिळेल, हे सगळं आईकडून मुलीला मिळत गेलं.

यामागे एक कडवट गोष्टही आहे. त्या काळी हवाईत ‘कपू’ नावाचे निर्बंध होते. बायकांनी पुरुषांबरोबर जेवायचं नाही. डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी आणि काही जातींचे मासे बायकांनी खायचेच नाहीत. मोडलं तर कठोर शिक्षा. शेवाळावर मात्र अशी बंदी नव्हती. त्यामुळे बायकांच्या ताटात चव आणायला लिमू फार मोलाचं होतं. १८१९ साली राजा पहिला कामेहामेहा वारला. त्यानंतर त्याची राणी काआहुमानू हिने पुढाकार घेतला आणि नवा राजा बायकांच्या पंक्तीला बसून सगळ्यांदेखत जेवला. त्या एका जेवणाने बायकांनी वेगळं आणि कमी खाण्याचा तो नियम मोडला. पुरुषांची पंगत उठल्यावर उरलेलं जेवायची सवय ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

लिमूचं हे ज्ञान पुढे एका बाईने विज्ञानापर्यंत नेलं. इसाबेला ॲबट यांचं नाव. १९१९ साली माउई बेटावर जन्म. लहानपणी आईने त्यांना शेवाळांची हवाईयन नावं आणि उपयोग शिकवले. १९५० साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या मूळ हवाईयन महिला. २०१० साली त्या वारल्या, तोवर शेवाळांच्या जगातल्या मोठ्या जाणकार म्हणून त्यांना मान होता.

सोया सॉस कुठून आला?

आज ज्याला पोके म्हणतात त्यात सोया सॉस आणि तिळाचं तेल असतं. हे मूळचं हवाईचं नव्हे. एकोणिसाव्या शतकात तिथे उसाचे मोठे मळे उभे राहिले आणि मजुरीसाठी परदेशांतून माणसं आणली गेली. आधी चीनमधून, मग जपानमधून. जपानी मजुरांची पहिली तुकडी १८६८ साली आली आणि १८८५ पासून मोठ्या संख्येने येऊ लागली. नंतर कोरिया आणि फिलिपीन्समधूनही लोक आले. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या कुटुंबांसारखीच ही माणसं. गाव सोडलं तरी चव सोबत नेणारी. त्यांचा सोया सॉस आणि तिळाचं तेल हवाईच्या माशाला लागलं आणि नवं पोके तयार झालं. कांदाही बाहेरूनच आला.

मासाही बदलला. पूर्वी किनाऱ्याजवळचे, खडकांतले मासे वापरत. आता मुख्यतः ‘आही’, म्हणजे खोल समुद्रातला मोठा टूना वापरतात. १९९० च्या दशकात सॅम चॉय नावाच्या हवाईतल्या स्वयंपाक्याने पोकेच्या स्पर्धा भरवल्या आणि या पदार्थाचं नाव बेटांबाहेर पोचलं.

पहाटेचा लिलाव

होनोलुलू हे हवाईचं मोठं शहर. तिथे १९५२ पासून माशांचा लिलाव चालतो. पहाटे, उजाडायच्या आधी. प्रत्येक मोठा टूना बर्फावर वेगळा मांडलेला असतो. शेपटीजवळ कापून आतलं मांस दाखवलेलं असतं. घेणारे लोक एकेका माशापाशी थांबून रंग बघतात, बोटांनी मांस चोळून बघतात, त्यातली चरबी बघतात आणि मग बोली लावतात. एकाच बोटीतले दोन मासे असले तरी भाव वेगळा. कच्चं खाण्याजोगा कोणता आणि शिजवूनच खायचा कोणता, हे तिथेच ठरत जातं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊया. त्या बोटी दोन-तीन आठवडे समुद्रात असतात. म्हणजे लिलावातला मासा कधीकधी बरेच दिवस आधी पकडलेला असतो. तरी तो चालतो. कारण पाण्यातून काढल्याबरोबर त्याचं रक्त काढतात, पोट साफ करतात आणि लगेच त्याला बर्फात पुरतात. तेव्हापासून तो एकदाही कोमट होत नाही. म्हणून ‘आजच धरलेला’ एवढ्यावर जाऊ नये. सकाळी धरलेला मासा दुपारपर्यंत उन्हात टोपलीत राहिला, तर तो त्या बर्फातल्या माशापेक्षा धोक्याचा.

हवाईतली घरगुती कृती

चार माणसांसाठी अर्धा किलो आही घेतात. दुकानदाराला आधी सांगतात की हा कच्चा खायचा आहे. मासा आधी गोठवलेला आहे की नाही, ते तिथल्या दुकानांत पाटीवर लिहिलेलं असतं. घरी नेताना तो बर्फातूनच नेतात.

हात, सुरी आणि फळी साबणाने धुऊन घेतात. भाज्यांची फळी वेगळी. कातडं आणि काळपट लाल भाग काढून पाऊण इंचाचे चौकोनी तुकडे करतात. सुरी धारदार हवी, नाहीतर मांस चेंगरतं.

जुन्या पद्धतीत अर्धा किलो माशाला एक लहान चमचा जाडं मीठ, मूठभर बारीक केलेलं लिमू आणि एक मोठा चमचा इनामोना लागते. हलक्या हाताने कालवलं की झालं.

सोया सॉसच्या पद्धतीत तीन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा भाजलेल्या तिळाचं तेल, अर्धा कांदा पातळ चिरून, दोन काड्या कांद्याची पात, थोडे भाजलेले तीळ आणि चवीला लाल मिरची. सोया सॉस खारटच असतो, म्हणून मीठ चाखून मगच घालतात. भाजलेल्या तिळाचं तेल गडद आणि वासाला उग्र असतं, आपल्या साध्या तिळाच्या तेलासारखं नव्हे. म्हणून ते थोडंच पुरतं. इनामोना नसेल तर भाजलेले काजू भरड करून घालतात.

कालवलेलं भांडं झाकून फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवतात. फार वेळ ठेवलं की मीठ माशातलं पाणी ओढून घेतं आणि तुकडे चिवट होतात. पोके त्याच दिवशी संपवायचं असतं.

वाढताना

पोके जेवणाआधी तोंडात टाकायला वाढतात किंवा भातावर घालून देतात. पंगतीला पोकेचं भांडं बर्फाने भरलेल्या परातीत ठेवतात. बाहेर ठेवायची मर्यादा दोन तास. उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नंतर उरलेलं टाकून द्यायचं, पुन्हा फ्रीजमध्ये ठेवायचं नाही.

जुन्या काळापासून सोबत असते ती ‘पोई’. ही कशाची करतात माहिती आहे? अळूच्या कांद्याची. आपण ज्याची अळूवडी आणि फदफदं करतो तेच अळू हवाईत ‘कालो’ या नावाने पिकवतात. कांदा शिजवून, दगडी बत्त्याने कुटून, पाणी घालून खिरीसारखा दाट करतात. पानंही शिजवून खातात. अळू कच्चं राहिलं तर घसा खाजतो, हे त्यांनाही ठाऊक आणि आपल्यालाही. मासा कच्चा खाणारे लोकही अळू मात्र नीट शिजवूनच खातात. कुठली वस्तू कच्ची चालते आणि कुठली नाही, याची जाण पिढ्यांनी मिळवलेली असते.

मुरवलं म्हणजे शिजलं नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘सोया सॉसमध्ये किंवा लिंबात मुरवलं की मासा शिजतो’ असं पुष्कळजण सांगतात. हे चूक आहे. लिंबाच्या आंबटपणाने मांस पांढरं दिसतं, पण त्यातले जंतू आणि कृमी मरतीलच असं नाही. मिठाने आणि सोया सॉसने अर्ध्या तासात तर काहीच होत नाही. जो धोका कच्च्या माशात होता, तोच पोकेत राहतो. हे धोके चार प्रकारचे आहेत.

पहिला, कृमी. समुद्रातल्या अनेक माशांच्या मांसात बारीक कृमी असतात. ते मरावेत म्हणून अमेरिकेत मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवण्याचा नियम आहे. मोठ्या टूनाच्या काही जातींना त्यातून सूट आहे, कारण त्यांच्या मांसात माणसाला बाधणारे कृमी क्वचितच असतात. आपल्या घरच्या फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात उणे २० अंश सहसा होत नाही, आणि वीज गेली की होती तेवढी थंडीही जाते. नदी, तळं, धरणातले मासे आणि खेकडे तर कधीच कच्चे खायचे नाहीत. त्यातले कृमी माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसात घर करतात.

दुसरा, जंतू. मळलेले हात, तीच फळी, अस्वच्छ पाणी आणि बर्फ यांतून ते येतात. मासळीवर घालायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. म्हणूनच महाराष्ट्रात २०१८ पासून, खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम केला गेला. असा बर्फ लागलेला मासा धुऊन, शिजवूनच खायचा.

तिसरा, विषाणू. २०१६ साली हवाईतच कच्च्या स्कॅलॉप शिंपल्यांमधून हेपॅटायटिस ए, म्हणजे दूषित अन्नपाण्यातून होणारी कावीळ पसरली. २९२ जणांना लागण झाली. ते शिंपले बाहेरदेशातून गोठवून आणलेले होते. गोठवल्याने कृमी मरतात, हा विषाणू मरत नाही. ज्या बेटांवर कच्चं खाण्याची परंपरा आहे, तिथेही माल कुठून आला याचा धागा सुटला की असं होतं.

चौथा धोका शिजवूनही जात नाही. टूना, बांगडा, तारली यांसारखे मासे गार न ठेवता राहिले, तर त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, तोंडाला चुरचुरतं, डोकं दुखतं. हिस्टामिन एकदा तयार झालं की तळून, उकळून किंवा गोठवून नष्ट होत नाही. कित्येकदा वासही येत नाही. असा त्रास झाला तर थांबू नका, दवाखाना गाठा. श्वास लागत असेल तर जराही वेळ घालवू नका.

आणि लाल रंगावर विसंबू नका. टूनाला ठरावीक वायू देऊन त्याचा लाल रंग टिकवता येतो. आत मासा जुना असला तरी रंग ताजाच दिसतो.

कोणी खाऊ नये

गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं, तसंच यकृताचा आजार, मधुमेह, कर्करोगाचे उपचार यांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्या कोणीही कच्चा मासा खाऊ नये. मासा कितीही चांगला असला तरी नाही. मोठ्या टूनात पारा जास्त असतो, म्हणून गरोदरपणात तो शिजवलेलाही बेतानेच खायचा. घरात हा पदार्थ येतो तेव्हा आग्रह होतो, ‘एक घास तरी घे’ म्हणतात. इथे नाही म्हणणं हा अपमान नाही, हे सुनेनेही लक्षात ठेवावं आणि सासूबाईंनीही.

मग आपण काय करावं?

कोकण किनाऱ्यावर कुपा, गेदर या नावांनी जे मासे मिळतात ते टूनाचेच भाऊबंद. त्यातला गेदर हवाईच्या समुद्रातही सापडतो, तिथे त्याला ‘कावाकावा’ म्हणतात. म्हणजे मासा ओळखीचा आहे. पण गोठवण्यातून सूट असलेल्या जातींत गेदर नाही. शिवाय आपल्या बंदरापासून गावच्या बाजारापर्यंत तो सतत गार राहिला याची खात्री देणारं कोणी नसतं. कल्ले लाल, डोळे फुगीर, मांस घट्ट या आपल्या खुणा शिजवायच्या माशाला पुरतात, कच्च्या खायच्या माशाला पुरत नाहीत. म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे. बाजारातून आणलेल्या माशाचं कच्चं पोके घरी करू नका आणि खानावळीत विकू तर मुळीच नका.

पण चव सोडायची गरज नाही. हवाईत पोके शिजवूनही करतात. आठ पायांचा ऑक्टोपस उकडून, कापून त्याचं पोके होतं. कालवलेलं पोके तापल्या तव्यावर परतून खाण्याचीही तिथे पद्धत आहे. तीच वाट आपली.

अर्धा किलो कुपा किंवा गेदर, बर्फात ठेवलेलाच घ्या. तुकडे करून तवा चांगला तापवा, थोड्या तेलावर सगळ्या बाजूंनी परता. एक तुकडा मोडून बघा. आत कुठेही कच्चा, काचेसारखा भाग दिसता कामा नये, मांस पापुद्र्यांनी सुटलं पाहिजे. मग आच बंद करून दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा तिळाचं तेल, पातळ चिरलेला धुतलेला कांदा, कांद्याची पात, मिरची आणि भाजलेल्या तीळ-शेंगदाण्याची भरड घालून हलवा. गरम भातावर लगेच वाढा. उकडलेल्या कोळंबीचंही असंच होतं. मासे न खाणाऱ्यांसाठी परतलेला टोफू किंवा पनीर घ्या. विकत असाल तर पाटीवर ‘शिजवलेलं पोके’ असं खरं नाव लिहा. गिऱ्हाइकाचा विश्वास त्यानेच टिकतो.

मैत्रिणींनो, दूरचा पदार्थ शिकायला काहीच हरकत नाही. फक्त कृतीबरोबर त्याची शिस्तही शिकायची. गटाच्या पुढच्या बैठकीत मासे विकणाऱ्या ताईंना जरूर बोलवा आणि विचारा, मासा बंदरावर कधी उतरतो, बर्फ कुठला असतो, वाटेत किती तास जातात. आपल्या रोजच्या कालवणासाठीही ही उत्तरं हवीतच. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.